घोणस चावल्यावर माझ्या रक्ताचं काय झालं

मागच्या सुगीत भात कापताना मला घोणस चावली. उजव्या पायाला, घोट्याच्या जरा वर. वाचले, पाय शाबूत आहे, किडन्या शाबूत आहेत, आणि आता गावात जो भेटतो तो विचारतो की नक्की काय झालं, किती इंजेक्शनं दिली, रक्त पाण्यासारखं झालेलं म्हणतात ते खरं का. प्रत्येकाला अर्धं अर्धं सांगून होतं म्हणून एकदाच सगळं लिहून काढतेय. आमच्या पाटणच्या पट्ट्यात पाऊस लागला की दिवाळीपर्यंत दरवर्षी कुणाला ना कुणाला साप चावतोच, त्यामुळे हे लिहिलंच पाहिजे असं मला मनापासून वाटतं. यातला डॉक्टरी भाग माझ्या धाकट्या नणंदेनं समजावलेला आहे, ती साताऱ्यात लॅब टेक्निशियन आहे, आणि घरी आल्यावर मी स्वतः पण बरंच वाचलं कारण तो विषय डोक्यातून जातच नव्हता.

बांधाजवळ कापलेलं भात पसरून ठेवलं होतं, ते गोळा करायला वाकले आणि पायाला एकदम आगीचा चटका बसला. बघते तर जाडजूड, आखूड शेपटीची, अंगावर गोल तपकिरी ठिपक्यांच्या तीन साखळ्या, आणि फुसकारणं एवढं मोठं की पलीकडच्या खाचरातली माणसं धावत आली. दिरानं लांबूनच मोबाईलवर फोटो काढला, मारायला कुणाला जाऊ दिलं नाही, ते बरं केलं कारण मेलेला साप घेऊन दवाखान्यात जायची काहीच गरज नसते आणि मारायच्या नादात दुसऱ्याला चावतो. घोणस चावली की दुखतं, खूप दुखतं, मण्यार चावली तर कधीकधी कळतही नाही म्हणतात पण घोणसचं तसं नाही, पहिल्या पाच मिनिटांत घोटा सुजायला लागला आणि दाताच्या दोन खुणांमधून रक्त येत होतं ते थांबेचना.

लोकांचं सुरू झालं, वरती घट्ट बांधा, ब्लेडनं चीर द्या, अमक्या वाडीतल्या बाबांकडे न्या. नवऱ्यानं कुणाचं ऐकलं नाही. बांधायचं नसतं हे आमच्या गावात आशाताईंनी मीटिंगमध्ये सांगितलेलं होतं, बांधलं की विष त्या एका जागी साठून मांस सडतं, रक्तपुरवठा तुटतो तो वेगळाच, आणि चीर दिली तर घोणसच्या विषात ती जखम वाहतच राहते. सासूबाई आल्या, खाली बसल्या आणि काही न बोलता माझी जोडवी काढली, मग पैंजण काढलं. शेजारच्या काकू म्हणाल्या अहो जोडवी कशाला काढता, तर सासूबाई म्हणाल्या, पाय सुजल्यावर कापून काढायला लागतील. मी ते विसरणार नाही. खरंच तासाभरात पाय असा सुजला की जोडवी बोटात रुतून बसली असती. पाय लाकडाच्या फळीला ओढणीनं सैलसर बांधला, हलू नये म्हणून, मला चालू दिलं नाही, आणि बाइकवर दीर पुढे, मी मध्ये, मागं धरायला नवरा असं करून तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात नेलं. १०८ ला फोन केला होता पण गाडी लांब होती, तिची वाट बघण्यापेक्षा आम्ही निघालो.

आता मुख्य गोष्ट.

तिथले डॉक्टर तरुण होते, त्यांनी पाय बघितला, बी.पी. घेतलं, पापण्या वर करून बघितल्या, हिरड्या बघितल्या, आणि हाताच्या शिरेतून थोडंसं रक्त काढलं, दोनेक मिली असेल. ते एका साध्या काचेच्या नळीत ओतलं, नळी टेबलावर स्टँडमध्ये उभी केली आणि सिस्टरना सांगितलं की घड्याळ लावा, वीस मिनिटं हिला कुणी हात लावायचा नाही. मी झोपून त्या नळीकडेच बघत होते. मला वाटलं आता मशीनमध्ये घालतील, काहीतरी केमिकल टाकतील, तर काहीच नाही. नळी, रक्त आणि घड्याळ. बस.

वीस मिनिटं झाल्यावर सिस्टरनी नळी उचलून हळूच तिरकी केली, विरजण लागलं का बघायला आपण भांडं तिरकं करतो अगदी तसं. चांगल्या माणसाचं रक्त काचेत साधारण दहा-पंधरा मिनिटांच्या आत गोठतं, नळी उलटी केली तरी तळाला धरून राहतं. माझं रक्त आत्ताच काढल्यासारखं सरळ वाहत काठापर्यंत आलं. लालभडक, एक गुठळी नाही. डॉक्टर एवढंच म्हणाले, चालू करा. तोपर्यंत माझ्या हिरड्यांमधून रक्त यायला लागलं होतं आणि सुई टोचलेल्या जागेवरचा कापूस भिजत होता.

या टेस्टचं नावच वीस मिनिटांची टेस्ट आहे, आणि घोणस किंवा फुरसं चावलेल्या माणसाचा निर्णय खेड्यात याच्यावर होतो. महागडी मशीन नाही, लाइट नसली तरी चालतं. पण नळी काचेचीच हवी, स्वच्छ आणि कोरडी हवी, साबणानं धुतलेली नको. हे मला नंतर नणंदेनं सांगितलं आणि का ते सांगितलं तेव्हा मला सगळ्यात जास्त नवल वाटलं, ते पुढे लिहिते.

एएसव्ही म्हणजे सापाच्या विषावरचं औषध, ज्याला सगळे सापाची लस म्हणतात, ती पावडर असते, प्रत्येक बाटलीत १० मिली पाणी घालून विरघळवायची. दोन सिस्टर समोरासमोर उभ्या राहून बाटल्या तळहातात धरून हळूहळू फिरवत होत्या, मी म्हटलं जोरात हलवा की ताई, लवकर होईल, तर म्हणाल्या हलवलं की फेस होतो, फेस झाला की औषध खराब. एकेक करून दहा बाटल्या तयार केल्या, सलाईनमध्ये घातल्या आणि तासाभरात जाईल असं लावलं. दहा बाटल्या का तर घोणस एका वेळी सरासरी जेवढं विष सोडते तेवढं निकामी करायला साधारण तेवढ्या लागतात, एक मिली औषध घोणसचं ०.६ मिलिग्रॅम विष मारतं असं बाटलीवर पण लिहिलेलं असतं. आणि लहान मुलाला पण तेवढाच डोस देतात, मूल लहान म्हणून साप कमी विष सोडत नाही. सरकारी दवाखान्यात हे फुकट आहे.

थोडं गेलं असेल नसेल तेवढ्यात मला अंगभर खाज सुटली, गांध्या उठल्या, मग थंडी वाजून दात वाजायला लागले. औषध घोड्याच्या रक्तापासून बनतं, त्यामुळे काही लोकांच्या शरीराला ते सोसत नाही. त्यांनी तयारी ठेवलेलीच होती, लगेच सलाईन थांबवलं, मांडीत ॲड्रिनॅलिन दिलं, ॲलर्जीचं इंजेक्शन दिलं, खाज कमी झाल्यावर परत तेच सलाईन हळू सुरू केलं. नवरा घाबरून म्हणाला राहू द्या आता नको, तर डॉक्टर म्हणाले, रिॲक्शन आम्ही सांभाळू शकतो, विष दुसऱ्या कशानंच मरत नाही. हे वाक्य ज्यांच्या घरात कधी कुणाला एएसव्ही द्यायची वेळ येईल त्यांनी लक्षात ठेवा. रिॲक्शन आली म्हणून औषध सोडायचं नसतं.

मग १०८ आली आणि जिल्ह्याला हलवलं.

जिल्ह्याच्या दवाखान्यात परत तीच नळी, दर सहा तासांनी. पहिल्या डोसनंतरच्या टेस्टला पण रक्त गोठलं नाही, म्हणून परत दहा बाटल्या. मी डॉक्टरांना विचारलं की सहा तास का थांबायचं, तासाभरानं का नाही बघत, तर ते म्हणाले औषधानं विष मारलं तरी रक्त लगेच गोठायला लागणार नाही, कारण गोठवायचा माल संपलाय, तो लिव्हर नव्यानं बनवते आणि तिला साधारण तेवढा वेळ लागतो. माल संपलाय म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं नाही. संध्याकाळी नणंद आली, कॉटवर पायाशी बसली, आणि मी विचारल्यावर रिपोर्टच्या मागच्या कोऱ्या बाजूला पेननं काढूनच दाखवलं.

म्हणाली, वहिनी, तुम्हाला वाटतंय विषानं रक्त पातळ केलं. तसं नाही. विषानं तुमचं रक्त आधी गोठवलं.

ती सांगत होती ते असं. आपल्या रक्तात गोठवणारी प्रथिनं कायम फिरत असतात, बहुतेक सगळी लिव्हर बनवते, त्यांना नंबर दिलेत, फॅक्टर १, २, ५, ७ असे १३ पर्यंत, मधला ६ नंबर नाहीच, आधी दिला होता तो नंतर रद्द झाला. ही सगळी झोपलेली असतात. एकाला जाग आली की तो पुढच्याला जागा करतो, तो त्याच्या पुढच्याला, आणि प्रत्येक पायरीवर संख्या वाढत जाते, म्हणजे वरती थोडेसेच जागे झाले तरी खाली पोचेपर्यंत प्रचंड होतात. शेवटी फॅक्टर २ म्हणजे प्रोथ्रॉम्बिनचं थ्रॉम्बिन होतं, आणि थ्रॉम्बिन फॅक्टर १ ला म्हणजे फायब्रिनोजनला कापतं. फायब्रिनोजन रक्तात विरघळलेलं असतं, कापल्यावर त्याचे धागे होतात, ते फायब्रिन, आणि फॅक्टर १३ येऊन त्या धाग्यांना एकमेकांत पक्कं बांधतो. प्लेटलेट आधीच जखमेवर चिकटलेल्या असतात, हे सगळं त्यांच्या अंगावरच चालतं, आणि कॅल्शियम जवळजवळ प्रत्येक पायरीला लागतं.

आता सुरुवात कुठून होते. शरीरात खरी सुरुवात होते ती टिश्यू फॅक्टरपासून. ते रक्तात नसतं, ते रक्तवाहिनीच्या भिंतीच्या बाहेरच्या बाजूला असतं. विळा लागला, भिंत फाटली, रक्त बाहेर आलं आणि त्याला टिश्यू फॅक्टर भेटलं की फॅक्टर ७ जागा होतो आणि तो फॅक्टर १० ला जागा करतो. दुसरा रस्ता १२ पासून सुरू होतो, १२, ११, ९, मग ८ च्या मदतीनं तो पण १० लाच येऊन मिळतो. म्हणजे दोन्ही वाटा १० वर एक होतात आणि तिथून पुढे ५ च्या मदतीनं थ्रॉम्बिन, मग फायब्रिन. तिनं कागदावर दोन रेघा काढल्या, त्या १० वर जुळवल्या, आणि १० च्या भोवती पेन तीनदा फिरवून गोल केला.

म्हणाली, घोणस इथं चावते.

घोणसच्या विषात दोन द्रव्यं अशी आहेत की एक थेट फॅक्टर १० ला जागं करतं आणि दुसरं थेट फॅक्टर ५ ला. वरच्या कुठल्याही पायरीची गरज नाही. आणि यात घात कुठे आहे तर आपल्या शरीरात गोठणं जखमेपुरतं राहतं कारण टिश्यू फॅक्टर जखमेपुरतंच उघडं पडतं, बाकी ठिकाणी अँटिथ्रॉम्बिन, प्रोटीन सी असे लगाम घालणारे असतात. विष मात्र पायातून आत शिरून सगळ्या अंगभर फिरतं, जिथं जखम नाही तिथं पण १० आणि ५ जागे होतात, सगळीकडे थ्रॉम्बिन, सगळीकडे बारीक बारीक धागे. शरीर ते धागे विरघळवायला लागतं, परत होतात, परत विरघळतात, आणि या खटाटोपात फायब्रिनोजन संपतं, ५ संपतो, प्लेटलेट पण कमी होऊ शकतात. मग सुई टोचलेल्या साध्या छिद्राला पण गुठळी धरायला काही उरत नाही. माझ्या नळीत रक्त वाहिलं ते त्यामुळे. फुरसं अजून खाली घाव घालतं, ते सरळ प्रोथ्रॉम्बिनलाच जागं करतं, शेवट तोच.

हे कळल्यावर मला डॉक्टरांच्या बऱ्याच गोष्टींचा उलगडा झाला. नवरा सारखा म्हणत होता की रक्त चढवा, प्लाझ्मा म्हणजे रक्तातला पाण्यासारखा भाग चढवा, शेजारच्या कॉटवरच्या नातेवाईकांनी पण तेच डोक्यात भरवलं होतं. पण विष रक्तात शिल्लक असताना नवीन प्लाझ्मा दिला तर त्यातलं फायब्रिनोजन पण विष संपवून टाकणार. आधी विष बांधायचं, मग लिव्हरला वेळ द्यायचा, तरच उपयोग. तसंच दुखण्याचं इंजेक्शन. मी रडून मागत होते, तर त्यांनी पॅरासिटामॉलवर भागवलं, डायक्लोफिनॅक वगैरे दिलं नाही कारण त्यानं प्लेटलेटचं काम बिघडतं आणि किडनीवर ताण येतो. धनुर्वाताचं इंजेक्शन सुद्धा रक्त गोठायला लागेपर्यंत ठेवून दिलं होतं, दंडात सुई मारली असती तर आत रक्त साठून राहिलं असतं.

नणंदेनं मला तिच्या लॅबच्या नळ्या पण दाखवल्या, निळ्या टोपणाच्या. त्यात सायट्रेट असतं, ते रक्तातलं कॅल्शियम धरून ठेवतं म्हणून रक्त लॅबपर्यंत पातळ राहतं, तिथं परत कॅल्शियम घालून बघतात की किती सेकंदात गोठतं. पीटी नावाच्या टेस्टमध्ये टिश्यू फॅक्टर घालतात म्हणजे ७ ची वाट तपासली जाते, एपीटीटीमध्ये १२ ची वाट. चांगल्या माणसाची पीटी साधारण १२-१३ सेकंद येते. माझ्या पहिल्या रिपोर्टला सेकंदांच्या जागी लिहिलं होतं, गोठलं नाही. दोन्हीला. कारण दोन्ही वाटा जिथं संपतात तिथला फायब्रिनोजनच नव्हता. आणि डी-डायमर नावाचं काहीतरी खूप वाढलेलं, ते म्हणजे विरघळलेल्या धाग्यांचे तुकडे, म्हणजे गोठणं आत खरोखर होऊन गेलंय याचा पुरावाच तो.

आता काचेचं सांगते. काचेला रक्त लागलं की फॅक्टर १२ जागा होतो. काचेचा पृष्ठभागच त्याला जागं करतो, प्लॅस्टिकचा तसा करत नाही, आणि साबणाचा थर राहिला तर काच पण करत नाही. म्हणून प्लॅस्टिकच्या नळीत ही टेस्ट केली तर चांगल्या माणसाचं रक्त पण वीस मिनिटांत कदाचित गोठणार नाही आणि उगाच त्याला लस द्याल. पण शरीरात काच कुठं असते? मग हा १२ नंबर आपल्यात कशाला? अमेरिकेत जॉन हेगमन नावाचा एक रेल्वेतला माणूस होता, ऑपरेशनच्या आधीच्या तपासणीत त्याचं रक्त काचेत गोठेचना, पण बाहेर त्याला रक्तस्रावाचा काहीच त्रास नव्हता. त्याच्या रक्तात जे नव्हतं तो फॅक्टर १२, १९५५ साली ते छापून आलं, आणि त्याचं नावच हेगमन फॅक्टर पडलं. तो माणूस १९६८ साली गेला तो फुप्फुसात गुठळी अडकून! ज्याचं रक्त नळीत गोठत नव्हतं तो गुठळीनं गेला. मला हे वाचून रात्री झोप आली नव्हती. म्हणजे १२ पासूनची वाट नळीत दिसते तशी शरीरात जखम बंद करायला लागत नाही, शरीर टिश्यू फॅक्टरपासूनच सुरुवात करतं आणि पुढे थ्रॉम्बिन स्वतःच मागं फिरून ११, ८, ५ यांना जागं करून जोर वाढवतं. ८ आणि ९ मात्र लागतातच, त्यातला एक जरी नसला तरी हिमोफिलिया, म्हणजे रक्त लवकर न थांबण्याचा आजार.

आणि हिमोफिलियावरूनच अजून एक. लंडनमध्ये मॅकफार्लन नावाच्या डॉक्टरांनी १९३४ साली घोणसचंच विष अतिशय पातळ करून हिमोफिलियाच्या पेशंटच्या वाहत्या जखमेवर लावलं आणि रक्त थांबलं. थांबणारच, कारण बहुतेक हिमोफिलियात ८ नसतो आणि घोणस ८ ला वळसा घालून थेट १० ला गाठते. त्याच मॅकफार्लननी पुढे १९६४ साली ही सगळी एकामागून एक जागं होण्याची साखळी मांडली, त्याच वर्षी अमेरिकेत डेव्ही आणि रॅटनॉफ यांनी पण मांडली, आणि हे रॅटनॉफ तेच ज्यांनी हेगमनचं रक्त तपासलं होतं. घोणसचं विष आजही लॅबमध्ये वापरतात, वारंवार गर्भपात होणाऱ्या किंवा गुठळ्या होणाऱ्या बायकांची ल्युपस अँटिकोॲग्युलंट नावाची तपासणी असते, त्यात ते पातळ केलेलं विषच रक्ताला लावून बघतात. नणंद म्हणाली आमच्या फ्रिजमध्ये आहे की. मी तिच्याकडे बघतच राहिले.

दुसऱ्या डोसनंतरच्या टेस्टला नळी तिरकी केली आणि रक्त हललं नाही. सिस्टरनी मला दाखवायला मुद्दाम कॉटजवळ आणली. पूर्ण उलटी केली, तळाला गडद लाल गोळा धरून बसलेला आणि वर थोडंसं पिवळसर पाणी सुटलेलं. माझ्या नवऱ्यानं त्या नळीला हात जोडले. त्यानंतर पण टेस्ट करतच राहिले कारण सूज आलेल्या मांसात विष दडलेलं असतं ते नंतर हळूहळू रक्तात उतरतं आणि गोठलेलं रक्त परत न गोठणारं होऊ शकतं. माझं तसं झालं नाही.

पण किडनीची काळजी तेव्हाच सुरू झाली. बारीक धागे किडनीच्या बारीक रक्तवाहिन्यांमध्ये अडकतात, बी.पी. पडलेलं असतं, विष स्वतः पण किडनीला दुखवतं. घोणस चावलेली माणसं रक्तस्रावातून वाचली तरी किडनीमुळे जातात, हे आमच्याकडे फार लोकांना माहीत नाही, रक्त थांबलं की डिस्चार्ज मागतात. लघवी चहाच्या रंगाची होत होती, पिशवीत किती जमली ते दर तासाला लिहायचे, पाणी किती प्यायले ते पण. क्रिएटिनिन, किडनी नीट चालत नसेल तर रक्तात वाढतं ते, २.६ पर्यंत गेलं. डायलिसिसची तयारी ठेवली होती पण लघवी बंद झाली नाही आणि क्रिएटिनिन हळूहळू उतरलं. पाय मात्र गुडघ्यापर्यंत काळानिळा, पाण्याचे फोड, सर्जन रोज येऊन बोटांचं रक्त चालतंय का बघायचे. चीर द्यायची वेळ आली नाही.

लस कुठून येते ते पण वाचलं. तमिळनाडूत मामल्लपुरमजवळ इरुळा आदिवासींची सोसायटी आहे, १९७८ पासूनची, ही माणसं पिढ्यान्‌पिढ्या साप पकडणारी, ते साप पकडून आणतात, विष काढतात आणि साप परत सोडून देतात. ते विष अगदी थोडं थोडं घोड्यांना टोचतात, घोड्याच्या रक्तात त्याच्याविरुद्ध अँटिबॉडी तयार होतात, त्या वेगळ्या काढून औषध करतात. आपल्या मुंबईच्या हाफकिन संस्थेनं पण हे औषध वर्षानुवर्षं बनवलंय. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, चारही सापांच्या विषावर एकच बाटली, म्हणून साप ओळखता नाही आला तरी उपचार अडत नाही. आपल्या देशात २००० ते २०१९ या काळात वर्षाला सरासरी ५८ हजार माणसं सर्पदंशानं गेली असा अंदाज आहे. हा आकडा मी चारदा वाचला. एवढी माणसं, आणि त्यातली बहुतेक आमच्यासारखीच, रानात राबणारी, अनवाणी. आता आमच्या घरात खाचरात उतरताना गमबूट घालतात, दिरानं पाच जोड आणले, उकडतं, चिखलात रुतून बसतात, तरी घालतात, आणि पेंढी उचलायच्या आधी काठीनं हलवतात.

घरी आल्यावर थोड्याच दिवसांत सांधे दुखायला लागले, ताप आला, अंगावर परत पुरळ. मला वाटलं विष परत चढलं. डॉक्टर म्हणाले हे विषाचं नाही, घोड्याच्या प्रथिनांविरुद्ध तुमच्या शरीराचं चाललंय, आठवड्या-दोन आठवड्यांनी काहींना होतं, थोडे दिवस स्टिरॉइडच्या गोळ्या दिल्या आणि गेलं. डिस्चार्जच्या वेळीच हे सांगून ठेवलं असतं तर घरात एवढी रडारड झाली नसती, म्हणून मी इथं सांगते.

पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी मला पाळी नियमित येते का, फार थकवा वाटतो का, केस गळतात का, असं विचारलं. मी म्हटलं साप पायाला चावला आणि पाळीचं काय. तर घोणसच्या विषानं मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीत पण गुठळ्या किंवा रक्तस्राव होऊन ती निकामी झाल्याच्या केसेस आहेत, किडनीला मार बसलेल्यांमध्ये जास्त, आणि ते कधीकधी महिन्यांनी किंवा वर्षांनी लक्षात येतं, कारण थकवा आला तर बाई म्हणते कामानं आला असेल. म्हणून कॉर्टिसॉल आणि थायरॉइड, ही पिट्युटरीच्या हुकमावर चालणारी हार्मोन्स, तपासायला लावली. घोणस चावून गेलेली तुमच्या ओळखीची कुणी बाई सारखी गळून गेल्यासारखी असेल तर तिला हे जरूर सांगा. माझे दोन्ही रिपोर्ट नॉर्मल आले, क्रिएटिनिन ०.९ वर आहे, आणि बी.पी. दर महिन्याला आशाताई घरी येऊन बघून जातात.